व्हॉल्टचा वेब इंटरफेस उभा करताना: पहिल्या ओळीपासून सहकाऱ्याच्या लॉगिनपर्यंत

आमच्याकडे व्हॉल्ट (पासवर्ड आणि इतर गुपितं सांभाळणारं हॅशिकॉर्पचं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा सुरुवातीचे काही महिने ते आम्ही दोघंच वापरत होतो, कारण टर्मिनल उघडून कमांड द्यायची सवय आम्हा दोघांनाच होती. बाकीची टीम चॅटवर विचारायची, "टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड पाठवता का जरा?" आणि आम्ही तो व्हॉल्टमधून काढून चॅटवरच चिकटवायचो. म्हणजे पासवर्ड तिजोरीत ठेवायचे आणि मागेल त्याला दारात उभं राहून वाटायचे. ही सवय मोडायची तर प्रत्येकाला स्वतः आत जाऊन बघता आलं पाहिजे, म्हणून आम्ही वेब इंटरफेस सुरू केला. तासाभरात लॉगिनची स्क्रीन दिसली. एका सहकारी मुलीने ती उघडली आणि विचारलं, "इथे टोकन मागतंय, काय टाकू?" माझ्याकडे त्या क्षणी एकच टोकन, म्हणजे आत जायचा परवाना, होतं: सगळे अधिकार असलेल्या रूटचं. तेच मी तिला दिलं.

पुढचा आठवडा ते निस्तरण्यात गेला. कोणी काय बघितलं, काय बदललं याची कुठे नोंद नव्हती, आणि ते टोकन एव्हाना आणखी तिघांकडे पोचलं होतं.

तुमचा तो आठवडा वाचावा म्हणून हे लिहितोय. व्हॉल्टचा यूआय, म्हणजे हा वेब इंटरफेस, चालू करणं एका ओळीचं काम आहे. पण एखादा सहकारी स्वतःच्या नावाने आत येऊन फक्त स्वतःच्या कामाचं बघू शकतो, इथपर्यंत पोचल्याशिवाय ते काम पूर्ण झालं असं समजू नका. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे, तो शक्यतो मोडू नका.

एक सूचना आधीच. फाइलमधल्या ओळी आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. सेटिंगच्या नावात दोन-तीन शब्द आले की त्यांच्या मध्ये जागेऐवजी अंडरस्कोर येतो.

## आधी हाताशी काय काय हवं

- लिनक्सचा एक सर्व्हर, जिथे तुम्हाला सुडो करता येतं, म्हणजे अॅडमिनचे अधिकार वापरता येतात. त्यावर शक्यतो दुसरं काही चालत नसावं.
- व्हॉल्टचं पॅकेज, हॅशिकॉर्पच्या अधिकृत रेपॉझिटरीतून घेतलेलं. तुमच्याकडे ओपनबाओ असेल तरी पायऱ्या जवळपास याच आहेत, कारण २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने लायसन्स बदलल्यावर ते व्हॉल्टमधूनच वेगळं निघालं. कमांडचं नाव तेवढं बाओ.
- सर्व्हरसाठी ठरलेलं एक डीएनएस नाव. नुसत्या आयपीवर भागवू नका, प्रमाणपत्राच्या वेळी अडाल.
- त्या नावाचं टीएलएस प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली.
- व्हॉल्टचं कुलूप उघडणाऱ्या किल्लीचे तुकडे सांभाळायला तयार असलेली पाच माणसं. दर वेळी कुलूप उघडायला त्यातली तीन लागतील (पायरी ४). नवखे लोक ही गोष्ट यादीत धरत नाहीत आणि ऐन वेळी पाचही तुकडे एकाच्याच लॅपटॉपवर राहतात.
- कोणी काय बघायचं याची कागदावर केलेली यादी. चार ओळींची असली तरी चालेल, पण काम सुरू करण्याआधी असावी.

## १. आधी डेव्ह मोडमध्ये हात साफ करा

स्वतःच्या मशीनवर "व्हॉल्ट सर्व्हर" या कमांडला "डेव्ह" हा पर्याय जोडून चालवा. या मोडमध्ये यूआय आपोआप चालू असतो, सर्व्हर कुलूप उघडलेल्या अवस्थेतच येतो आणि रूट टोकन टर्मिनलवर छापलं जातं. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८२०० पोर्टवर, साध्या एचटीटीपीने तो उघडतो. मेनू कुठे आहेत, सीक्रेट (साठवलेलं गुपित) कसं तयार होतं, जुनी आवृत्ती कशी दिसते, हे सगळं इथे अर्धा तास बघून घ्या.

पण दोन गोष्टींनी फसू नका. एक, डेव्ह मोड सगळं मेमरीत ठेवतो, प्रोसेस बंद केली की सगळं गेलं. "तात्पुरतं" म्हणून सुरू केलेल्या डेव्ह सर्व्हरवर खरे पासवर्ड ठेवू नका. दुसरी, डेव्ह मोडमध्ये "सीक्रेट" नावाचं केव्ही इंजिन (नाव आणि मूल्य अशा जोड्या साठवणारा कप्पा) आधीच लावलेलं मिळतं. खऱ्या सर्व्हरवर ते नसतं, स्वतः चालू करावं लागतं. "कालपर्यंत दिसत होतं, आज कुठे गेलं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

## २. कॉन्फिगरेशन फाइल

पॅकेजमधून बसवलं असेल तर फाइल इटीसीखालच्या व्हॉल्ट डॉट डी या फोल्डरमध्ये असते, नाव व्हॉल्ट डॉट एचसीएल. तिच्यात एवढं हवं:

- यूआय = ट्रू. हीच ती एक ओळ. ती नसेल तर सर्व्हर चालतो, एपीआय (प्रोग्राम आणि कमांड ज्यातून बोलतात तो मार्ग) चालतं, पण ब्राउझरमध्ये स्क्रीन येत नाही. वेगळं काही बसवावं लागत नाही, कारण इंटरफेस व्हॉल्टच्या बायनरीतच असतो. २०१८ मधल्या ०.१० आवृत्तीपर्यंत तो फक्त पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत होता, म्हणून त्याआधीच्या जुन्या लेखांत त्रयस्थ यूआय बसवायचे सल्ले सापडतात. ते सोडून द्या.
- स्टोरेज राफ्ट प्रकारचं (व्हॉल्टची स्वतःची साठवण), त्यात डेटाचा पाथ आणि नोडचं, म्हणजे या एका सर्व्हरचं, नाव.
- लिसनर (व्हॉल्ट कुठल्या पत्त्यावर ऐकतं ते) टीसीपी प्रकारचा, त्यात पत्ता, टीएलएस सर्ट फाइल आणि टीएलएस की फाइल.
- एपीआय अॅडर आणि क्लस्टर अॅडर (फाइलमध्ये अॅड्रेस पूर्ण लिहायचं नाही, फक्त ए-डी-डी-आर; क्लस्टर म्हणजे एकत्र चालणारे नोड). पहिल्यात एचटीटीपीएससकट डीएनएस नाव आणि ८२०० पोर्ट, दुसऱ्यात ८२०१.
- डिसेबल एमलॉक = ट्रू. राफ्ट वापरताना ही ओळ स्पष्ट लिहायची. तिचा परिणाम असा की मेमरीतली पानं स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जाऊ शकतात. म्हणून त्या सर्व्हरवर स्वॅप बंद करा किंवा एन्क्रिप्टेड ठेवा.

लिसनरचा पत्ता १२७.०.०.१ ठेवलात तर दुसऱ्या मशीनवरून स्क्रीन उघडणार नाही, आणि ०.०.०.० ठेवलात तर सर्व्हरच्या प्रत्येक नेटवर्कवर उघडेल. मी सर्व्हरचा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा आयपीच लिहितो आणि फायरवॉलमध्ये ८२०० फक्त व्हीपीएनच्या रेंजला उघडं ठेवतो. ८२०१ फक्त नोड एकमेकांशी बोलायला वापरतात, लोकांसाठी ते उघडायची गरज नाही. यूआय इंटरनेटवर थेट उघडा ठेवण्यासारखं कारण मला तरी अजून भेटलेलं नाही.

## ३. प्रमाणपत्र

"सध्या टीएलएस बंद ठेवू, नंतर बघू" हा मोह प्रत्येकाला होतो. टीएलएस डिसेबल ही ओळ फाइलमध्ये टाकली की सगळं सुरळीत चालतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाचं टोकन नेटवर्कवरून उघडं फिरू लागतं. तसं करू नका. प्रमाणपत्र तयार नसेल तर एक दिवस थांबा.

या पायरीवर लोक कुठे अडकतात ते क्रमाने सांगतो.

पहिली अडचण नावाची. प्रमाणपत्रात नुसतं कॉमन नेम टाकून चालत नाही, पर्यायी नावांच्या यादीत, म्हणजे सॅनमध्ये, डीएनएस नाव असलंच पाहिजे. व्हॉल्ट गो भाषेत लिहिलेलं आहे आणि गोने कॉमन नेमकडे बघणं बंद केलं आहे. ब्राउझरही तेच करतात. सर्व्हरवर बसून १२७.०.०.१ वरून कमांड चालवणार असाल तर तो आयपीही यादीत घाला.

दुसरी अडचण साखळीची. टीएलएस सर्ट फाइलमध्ये आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र आणि त्याखाली मधल्या सीएचं (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र, असं एकाखाली एक जोडून हवं. उलट क्रमाने जोडलं तर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि मधलं प्रमाणपत्र राहून गेलं तर काही ब्राउझर चालवून घेतात आणि कमांड लाइन मात्र नकार देते. मग माणूस दोन दिवस भलत्याच गोष्टी तपासत बसतो.

तिसरी, परवानगीची. सर्व्हिस व्हॉल्ट नावाच्या युजरने चालते. किल्लीची फाइल रूटच्या मालकीची आणि ६०० परवानगीची असेल तर सर्व्हिस ती वाचू शकत नाही आणि सुरू होताच पडते. फाइलची मालकी व्हॉल्ट युजरला द्या, परवानगी ६०० च ठेवा.

चौथी मात्र जपून वाचा, कारण तिच्यामुळे आमची एक अख्खी सकाळ गेली होती. प्रमाणपत्राचं नूतनीकरण रात्री आपोआप व्हायचं, आणि नव्या फाइल जागेवर ठेवून झाल्या की स्क्रिप्ट सर्व्हिस रिस्टार्ट करायची. रिस्टार्ट झालं की व्हॉल्ट सील होतं, म्हणजे कुलूपबंद. सकाळी नऊ वाजता सगळ्यांच्या स्क्रीनवर अनसीलचं पान आणि किल्लीवाले तिघं अजून घरी. यावर उपाय साधा आहे: स्क्रिप्टमध्ये रिस्टार्टच्या जागी रीलोड लिहा. रीलोडमुळे सर्व्हिसला हँगअप सिग्नल जातो, व्हॉल्ट नवं प्रमाणपत्र वाचून घेतं आणि सील होत नाही. लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची प्रमाणपत्रं वापरत असाल तर हा बदल पहिल्याच दिवशी करून टाका.

ब्राउझरमध्ये "क्लायंटने एचटीटीपीएस सर्व्हरला एचटीटीपी विनंती पाठवली" अशा अर्थाचा संदेश दिसला तर घाबरू नका. पत्त्याच्या सुरुवातीला एस राहिला आहे, बस.

## ४. इनिशलायझेशन: दोन आकडे आणि एक बटण

सर्व्हिस सुरू करा आणि डीएनएस नाव, ८२०० पोर्ट आणि पुढे स्लॅश यूआय असा पत्ता उघडा. राफ्ट असेल तर आधी नवं क्लस्टर करायचं की असलेल्यात सामील व्हायचं असं विचारेल. पहिला नोड असेल तर नवं.

मग दोन चौकोन येतात: की शेअर्स आणि की थ्रेशोल्ड. पहिला आकडा म्हणजे किल्लीचे एकूण तुकडे, दुसरा म्हणजे कुलूप उघडायला त्यातले किती लागतील. ही पद्धत आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. ठरलेल्या संख्येपेक्षा एक जरी तुकडा कमी असला तरी किल्लीबद्दल काहीच कळत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. कमांड लाइनवर काही सांगितलं नाही तर व्हॉल्ट पाच आणि तीन धरतं. यूआयमध्ये आकडे तुम्हालाच टाकावे लागतात. अनेक जण घाईत एक आणि एक टाकतात. तसं केलं तर सगळी तिजोरी एका माणसाच्या हातात जाते, तो माणूस आजारी पडला की तिजोरी बंद आणि त्याचा लॅपटॉप गेला की तिजोरी उघडी. पाच आणि तीनच टाका.

याच पानावर पीजीपीने (प्रत्येकाच्या स्वतःच्या किल्लीने मजकूर कुलूपबंद करायची पद्धत) एन्क्रिप्ट करायचा पर्याय आहे. पाचही जणांच्या पीजीपी सार्वजनिक किल्ल्या तयार असतील तर तो जरूर वापरा, मग प्रत्येकाचा तुकडा फक्त त्यालाच वाचता येतो आणि इनिशलाइझ करणाऱ्यालाही तो दिसत नाही.

बटण दाबलं की पुढच्या पानावर सगळे तुकडे आणि पहिलं रूट टोकन दिसतं, आणि खाली ते सगळं डाउनलोड करायचं बटण. इथे हात आवरा. ते बटण दाबलं की पाचही तुकडे आणि रूट टोकन एकाच जेसॉन फाइलमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात डाउनलोड्स फोल्डरमध्ये येऊन पडतात. माझ्या लॅपटॉपवर तो फोल्डर आपोआप क्लाउडवर कॉपी होत होता. फाइल मी दोन मिनिटांत पुसली, पण तोवर ती वर गेलेली होती. रीकी करून पाचही तुकडे नव्याने काढावे लागले आणि पाचही जणांना पुन्हा बोलवावं लागलं.

माझा सल्ला असा: पाचही जण एका खोलीत किंवा एका कॉलवर असताना हे पान उघडा. समोर असतील तर प्रत्येकाने आपला तुकडा स्वतःच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकायचा. कॉलवर असतील तर पीजीपीशिवाय करूच नका, कारण स्क्रीन शेअर केली की पाचही तुकडे पाचही जणांना दिसतात. हे पान पुन्हा उघडता येत नाही. टॅब बंद केला आणि तुकडे कुठेच लिहिले नसतील, तर डेटा पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्याला पर्याय नाही.

## ५. अनसील

तीन जणांनी एकेक तुकडा टाकायचा. स्क्रीनवर एक झाला, दोन झाले असं दिसत जातं. तिघांनी आपापल्या ब्राउझरमधून टाकला तरी चालतं, कारण मोजणी सर्व्हरवर होते.

पण ती मोजणी प्रत्येक नोडची वेगळी असते. तीन नोडचं क्लस्टर लोड बॅलन्सरमागे (आलेल्या विनंत्या नोडांत वाटणाऱ्या सर्व्हरमागे) असेल तर पहिल्याचा तुकडा एका नोडवर जातो, दुसऱ्याचा दुसऱ्यावर, आणि तिघांनी तुकडे टाकूनही कुलूप उघडत नाही. त्यातून लोड बॅलन्सरची तपासणी हेल्थच्या पत्त्यावर असते, आणि सील असलेला नोड तिथे ५०३ हा कोड देतो. म्हणजे लोड बॅलन्सर त्या नोडकडे वाहतूकच पाठवत नाही आणि अनसीलचं पानही उघडत नाही. म्हणून अनसील करताना प्रत्येक नोडच्या स्वतःच्या पत्त्यावर जा, आणि ते पत्ते प्रमाणपत्राच्या यादीत आधीपासून घालून ठेवा. त्याच हेल्थच्या पत्त्यावर स्टँडबाय नोड ४२९ आणि इनिशलाइझ न झालेला नोड ५०१ देतो, मॉनिटरिंग लावताना हे आकडे उपयोगी पडतील.

क्लाउडची केएमएस (किल्ल्या सांभाळणारी) सेवा किंवा एचएसएम (किल्ल्या ठेवायचं खास उपकरण) असेल तर ऑटो अनसील लावता येतं, मग रिस्टार्टनंतर माणसं जमवावी लागत नाहीत. पहिल्यांदा करताना मी तरी तुकड्यांनीच करा म्हणेन. कुलूप कसं काम करतं हे एकदा हाताखालून गेलेलं बरं.

## ६. नोंदवही आधी, माणसं नंतर

सहकाऱ्यांना पत्ता देण्याआधी ऑडिट चालू करा. हे टर्मिनलमधून करायचं: व्हॉल्ट ऑडिट इनेबल, प्रकार फाइल, पुढे लॉगचा पाथ. यानंतरची प्रत्येक विनंती आणि तिचं उत्तर तिथे नोंदलं जातं. सीक्रेटमधली मूल्यं आणि टोकन हॅश होऊन, म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात, लिहिले जातात, पण पाथ उघडे दिसतात. त्यामुळे पाथच्या नावात कधीही गुप्त काही घालू नका.

एक सापळा आहे. चालू केलेल्या ऑडिटपैकी एकाही ठिकाणी नोंद करता आली नाही, तर व्हॉल्ट विनंत्यांना उत्तर देणंच थांबवतं. डिस्क भरली की यूआय गोठतो तो यामुळे. लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं साधन) लावा, आणि शक्य असेल तर दुसरं ऑडिट वेगळ्या ठिकाणी, सिस्टिमच्या लॉगवर म्हणजे सिसलॉगवर, लावून ठेवा.

## ७. लॉगिनची पद्धत, आणि रूट टोकनला निरोप

रूट टोकनने एकदाच आत जा आणि अॅक्सेसखालच्या ऑथेंटिकेशन मेथड्समध्ये नवी पद्धत चालू करा. टीम लहान असेल तर युजरनेम आणि पासवर्डची, म्हणजे युजरपास, पुरेशी आहे. संस्थेत आधीच एकच लॉगिन सगळीकडे चालत असेल तर ते लॉगिन व्हॉल्टला जोडणारी ओआयडीसी पद्धत घ्या, म्हणजे माणूस सोडून गेला की त्याचं लॉगिन तिकडून आपोआप बंद होतं. ओआयडीसीत परतीचे दोन पत्ते नोंदवावे लागतात: एक यूआयचा, दुसरा कमांड लाइनसाठी लोकलहोस्टचा ८२५० पोर्टवरचा. दुसरा बहुतेक जण विसरतात. शिवाय यूआय त्यासाठी वेगळी खिडकी उघडतो. ब्राउझरने पॉपअप अडवले असतील तर लॉगिनचं बटण दाबूनही काहीच होत नाही असं वाटतं.

युजरपासमध्ये सगळ्यात आधी स्वतःचं खातं करा आणि त्याला अॅडमिनची पॉलिसी, म्हणजे परवानग्यांची यादी, जोडा. टोकनची मुदतही ठरवून टाका. काही सांगितलं नाही तर व्हॉल्ट ७६८ तास धरतं, म्हणजे ३२ दिवस. कामाच्या दिवसापुरते आठ तास भरपूर झाले. पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं १५ मिनिटं बंद राहतं, हे टीमला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी फोन सुरू होतात.

आता स्वतःच्या खात्याने दुसऱ्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा. पॉलिसी लिहिता येते का, नवा युजर करता येतो का, तपासा. सगळं जमतंय याची खात्री झाली की पहिल्या ब्राउझरमध्ये जाऊन वर युजरच्या मेनूतून रिव्होक टोकन करा. नुसतं लॉगआउट करून भागत नाही, त्याने ब्राउझर टोकन विसरतो, टोकन मात्र जिवंतच राहतं. पुढे कधी रूट लागलंच तर किल्लीवाले तिघं एकत्र येऊन नवं काढू शकतात, त्यामुळे रद्द करताना हात अडखळायचं कारण नाही.

## ८. पॉलिसी

व्हॉल्टमध्ये परवानगी दिल्याशिवाय काहीच मिळत नाही. म्हणून नवा युजर लॉगिन करतो, स्क्रीन येते, आणि आत शुकशुकाट असतो. "यूआय बिघडलाय" ही तक्रार इथून येते.

समजा केव्हीच्या दुसऱ्या आवृत्तीचं इंजिन "टीम" नावाने लावलं आहे आणि वेबच्या लोकांना "वेब" फोल्डर बघायचं आहे. यूआयमध्ये पाथ दिसतो टीम, स्लॅश, वेब. साहजिकच पॉलिसीत आपण तोच लिहितो, आणि ४०३, म्हणजे "परवानगी नाही", खातो. कारण दुसऱ्या आवृत्तीत आतले मुख्य पाथ दोन असतात आणि यूआयमध्ये फिरताना दिसणारा पाथ त्यांच्याहून वेगळा असतो (तारा म्हणजे * हे चिन्ह, पुढचं सगळं):

- टीम / डेटा / वेब / तारा: इथे सीक्रेटमधला प्रत्यक्ष मजकूर असतो. बघायला रीड, लिहायला क्रिएट आणि अपडेट.
- टीम / मेटाडेटा / वेब / तारा: इथे नावांची यादी आणि आवृत्त्यांची माहिती असते. यूआयमध्ये फोल्डर उघडायला इथे लिस्ट लागतं, आवृत्त्या बघायला रीड.

नुसती डेटाची परवानगी दिली तर कमांड लाइनवाल्याचं चालतं, पण यूआयवाल्याला यादी दिसत नाही, नेमका पाथ हाताने टाकावा लागतो. टर्मिनलवर तपासून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणणारे इथेच चुकतात. इंजिनाच्या पहिल्या पानापासून क्लिक करत आत जाता यावं असं वाटत असेल तर टीम / मेटाडेटा / एवढ्यावरही लिस्ट द्या. फक्त लक्षात ठेवा, लिस्ट मिळालं की त्या पातळीवरची सगळी नावं दिसतात, आतलं उघडता येत नसलं तरी.

तारा पाथच्या शेवटीच चालतो. मधल्या एका टप्प्यासाठी अधिकचं चिन्ह (+) वापरायचं. आणि डिनाय कुठेही आलं तर त्याच पाथवरच्या बाकी सगळ्या परवानग्यांवर ते मात करतं.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. पॉलिसीचा मजकूर बदलला तर तो लगेच लागू होतो. पण युजरपासच्या खात्याला नवी पॉलिसी जोडली तर आधीच्या टोकनला ती लागत नाही, त्या माणसाला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं लागतं. "परवानगी दिलीय म्हणता, मला तर दिसत नाही" असं कोणी म्हणालं की आधी लॉगआउट करायला सांगा.

व्हॉल्ट स्वतःहून प्रत्येक टोकनला डिफॉल्ट नावाची पॉलिसी जोडतं. ती काढू नका. आपल्याला काय काय करता येतं हे यूआय तिच्याच आधारे विचारतो, आणि ती नसेल तर मेनू अर्धवट दिसायला लागतात. उलट, पॉलिसी लिहिण्याचा अधिकार कोणाला देताना दहा वेळा विचार करा, कारण तो ज्याच्याकडे आहे तो स्वतःला हवं ते देऊ शकतो.

## ९. मध्ये प्रॉक्सी ठेवणार असाल तर

प्रॉक्सी म्हणजे लोक आणि व्हॉल्ट यांच्या मध्ये उभा राहून विनंत्या पुढे पाठवणारा सर्व्हर. व्हॉल्टला स्वतःचं वेगळं सबडोमेन द्या. असलेल्या साइटखाली स्लॅश व्हॉल्ट असा उपपाथ देऊन बसवायचा प्रयत्न करू नका. इंटरफेस स्लॅश यूआयवर आणि एपीआय स्लॅश व्ही१ वर असतं हे त्याने गृहीतच धरलेलं आहे, त्यामुळे उपपाथावर पान अर्धं उघडतं आणि लॉगिन फसतं. प्रॉक्सी आणि व्हॉल्टच्या मध्येही टीएलएस ठेवा. आणि ऑडिटमध्ये प्रत्येक नोंदीवर प्रॉक्सीचाच आयपी येऊ नये म्हणून लिसनरमध्ये एक्स फॉरवर्डेड फॉर ऑथराइज्ड अॅडर्स (शेवटी ए-डी-डी-आर-एस) ही ओळ भरून प्रॉक्सीचा पत्ता तिथे द्या.

## १०. टीमला पत्ता देण्याआधीची तपासणी

ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि अगदी साध्या सहकाऱ्याच्या खात्याने आत जा. त्याला हवं ते तीन क्लिकमध्ये सापडतं का? दुसऱ्या टीमचं फोल्डर उघडायला गेल्यावर नकार मिळतो का? एखादं सीक्रेट बदलून बघा आणि जुनी आवृत्ती परत काढता येते का तेही बघा. वेगळं काही सांगितलं नसेल तर दहा आवृत्त्या राखल्या जातात. मग ऑडिटची फाइल उघडून या सगळ्या हालचाली त्या खात्याच्या नावावर पडल्या आहेत ना, याची खात्री करा.

यानंतर राफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या डेटाची त्या क्षणाची प्रत, घ्या. यूआयमध्ये राफ्ट स्टोरेजच्या पानावरून तो डाउनलोड होतो. फाइल एन्क्रिप्टेड असते आणि परत चढवल्यावर ती उघडायला तेच किल्लीचे तुकडे लागतात, म्हणून स्नॅपशॉट आणि तुकडे एकाच जागी ठेवू नका.

शेवटी, ठरवून, दिवसाढवळ्या सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि किल्लीवाल्यांना बोलवा. आमच्या पहिल्या तालमीत एकाला आपला तुकडा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं आणि दुसरी रजेवर होती. तिसरा माणूस मिळेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या दिवशी आम्ही पाचही जणांची नावं, फोन आणि रजेच्या दिवशी पुढे कोणाला विचारायचं हे एका पानावर लिहिलं. ते पान व्हॉल्टच्या बाहेर ठेवलं आहे.

मग टीमला निरोप पाठवा, आणि त्यात चारच गोष्टी द्या: पत्ता, लॉगिनच्या पानावर कोणती पद्धत निवडायची, त्यांचं युजरनेम, आणि काही दिसत नसेल तर कोणाला विचारायचं. पहिला पासवर्ड फोनवर किंवा समोरासमोर सांगा, चॅटवर नको.